कुत्रं खायचं बंद झालं की आधी काय बघायचं, मग काय भरवायचं

कुत्र्यानं वाडग्याकडं पाठ फिरवली की घरात सगळ्यांना एकच सुचतं, काहीतरी पोटात गेलं पाहिजे. मग दूध-चपाती होते, बिस्किटं होतात, कुणीतरी चिकन आणतं आणि शेवटी जबडा उघडून घास कोंबला जातो. पहिल्यांदाच कुत्रं पाळलेली माणसं मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच, "काय दिलं म्हणजे खाईल?" मी आधी उलट विचारतो, खात नाही म्हणजे ते नेमकं काय करतंय? मळमळणाऱ्या कुत्र्यापुढं काहीही ठेवा, ते तोंड फिरवणारच. दात दुखणाऱ्याला तेच हवं असतं, पण चावता येत नाही. कारण न शोधता भरवत बसलं की दिवस जातो, आणि आजारी जनावराकडं दिवस मोजकेच असतात.

शेजारीपाजारी दुसरं टोक सांगतात. "आवं, भूक लागली की खाईल आपोआप, दोन दिस ऱ्हाऊ दे तसंच." सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण हा सल्ला ऐकू नका. धडधाकट मोठं कुत्रं एखादं जेवण चुकवतं, त्यात काळजीचं काही नाही. पण २४ तास पोटात काहीच गेलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा. पिल्लू असेल तर १२ ताससुद्धा थांबायचं नाही.

वाडगा ठेवा आणि नुसतं बघा

रोजच्या जागी, रोजच्या वेळेला, रोजचंच जेवण ठेवा. आग्रह करू नका, नाव घेऊन बोलवू नका. लांब बसून बघा, जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांपुढं गेल्यावर कुत्रं घाबरून वेगळंच वागतं, तेव्हा हा व्हिडिओ फार कामाला येतो.

ते उठून आलं, वास घेतला आणि मान वळवली, असं झालं तर पुढचे दोन मिनिटं त्याच्या तोंडाकडं लक्ष द्या. ओठ परत परत चाटतंय का? काही खाल्लेलं नसताना आवंढे गिळतंय का? लाळ गळतेय, अंगणात जाऊन गवत खातंय? ही मळमळ आहे. पोट बिघडल्यापासून यकृत, मूत्रपिंडाच्या दुखण्यापर्यंत कारण काहीही असू शकतं. चालू असलेल्या गोळ्यांमुळंही मळमळ होते.

दुसरं कुत्रं धावत येतं, घास उचलतं आणि खाली टाकतं. एकाच बाजूनं चावतं, पंजानं तोंड घासतं, तोंडाला घाण वास मारतो. त्याला भूक आहे, दुखणं तोंडात आहे. दात तुटलेला असतो, हिरडीत कुसळ रुतलेलं असतं, नाहीतर मटणाचं हाड टाळूला दोन दाढांच्या मधे आडवं बसलेलं असतं. आपल्याकडं रविवार-बुधवारी घरोघरी मटण शिजतं आणि दुसऱ्या दिवशी अशी कुत्री दवाखान्यात येतात. शिजलेलं हाड तडकून टोकदार होतं, त्यामुळं ते कधीच देऊ नये, कितीही मागे लागलं तरी.

तिसरं कुत्रं जागचं हलतच नाही. डोळे अर्धे मिटलेले, हाक मारल्यावर फक्त शेपटीचं टोक हलतं. इथं ताप, अंगदुखी नाहीतर रक्ताची कमतरता शोधायची.

आणि एक किरकोळ प्रकार. वाडग्यातलं नको, पण तुमच्या ताटातलं हवं. खाद्याची पिशवी नवी आहे, घरातलं माणूस परगावी गेलंय, फटाके वाजतायत, किंवा भाद्रपद आहे आणि गल्लीत माजावर आलेली कुत्री आहे. बाकी अंगात उत्साह असेल तर यात घाबरायचं कारण नाही.

अंग तपासायला शिका

वरचा ओठ उचला आणि हिरडी बघा. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटानं दाबा, पांढरी पडेल, बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. पांढरीफटक, पिवळी, निळसर किंवा विटेसारखी लाल हिरडी दिसली तर पुढचं वाचत न बसता दवाखाना गाठा. काही कुत्र्यांची हिरडी जन्मतःच काळी असते. त्यांची डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. कुत्रं बरं असतानाच एकदा बघून ठेवा, म्हणजे फरक कळतो.

मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच जागेवर बसली तर ठीक. तंबूसारखी उभी राहिली तर शरीरातलं पाणी कमी झालंय.

ताप हात लावून कळत नाही. नाक कोरडं आहे का ओलं, यावरूनही कळत नाही. मेडिकलमधून साधा डिजिटल थर्मामीटर आणा, कुत्र्यासाठी वेगळा ठेवा. टोकाला व्हॅसलीन लावून, शेपटी हळूच वर धरून, गुदद्वारात साधारण एक इंच सरकवा आणि बीप होईपर्यंत धरा. डोक्याकडून दुसऱ्या माणसानं थोपटत राहावं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान, माणसापेक्षा जास्तच. १०३ च्या वर ताप समजायचा, १०४ च्या वर त्याच दिवशी डॉक्टर. ९९ च्या खाली गेलं तर ते तापापेक्षाही वाईट लक्षण आहे.

मग गोचीड शोधा. कानाच्या आत आणि मागे, पट्ट्याखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी. पोटाच्या पातळ कातडीवर लाल-जांभळे बारीक ठिपके दिसतात का, तेही बघा.

इथं घरगुती उपाय करायचाच नाही

पोट फुगून टणक झालंय आणि कुत्रं उमासे काढतंय पण बाहेर काही येत नाही, असं दिसलं तर तासाभराचाही उशीर जिवावर बेततो. जठराला पीळ बसलेला असू शकतो. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत हे जास्त होतं. रक्ताची उलटी किंवा रक्ताचे जुलाब, झटके, धाप, पाणीसुद्धा न टिकणं, उंदराचं औषध किंवा शेतातली फवारणी पोटात गेल्याचा संशय, सापाचा संशय, ही सगळी तातडीची कारणं. उसाच्या पट्ट्यात घोणस आणि नाग दोन्ही असतात. रानातून आलेल्या कुत्र्याचा पाय किंवा थोबाड एकाएकी सुजलं तर मांत्रिक नको, चिरा देणं नको, आवळून बांधणं नको. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत ठेवा.

बरेचसे खासगी दवाखाने सकाळ-संध्याकाळ उघडे असतात, दुपारी आणि रात्री नाहीत. म्हणून कुत्रं बरं असतानाच रात्री फोन उचलणारा एक पशुवैद्य शोधून नंबर दारामागे चिकटवून ठेवा. शासनाचा १९६२ हा टोल फ्री नंबर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. त्याचं मुख्य काम गाई-म्हशींचं, तरी खेड्यात जवळ कुणी नसेल तर विचारून बघायला हरकत नाही.

आपल्या भागात काय निघतं

सगळ्यात जास्त दिसतो तो गोचीड ताप. पावसाळ्याच्या आगेमागे, उबदार दमट हवेत गोचीड वाढतात. चावल्यानंतर आठवडा ते तीन आठवड्यांनी कुत्रं मलूल होतं, ताप येतो, खाणं सुटतं. एर्लिकिया नावाच्या जंतूनं रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होतात, पोटावर ठिपके येतात, कधी नाकातून रक्त येतं. बबेशिया हा दुसरा जंतू असेल तर तांबड्या पेशी फुटतात, लघवी गडद तांबूस ते कॉफीसारखी होते, डोळे पिवळे पडतात. अंगावर आज एकही गोचीड नाही म्हणून हा ताप नाही, असं समजू नका. एर्लिकियाचं औषध साधारण २८ दिवस घ्यावं लागतं. चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं तरी कोर्स मधे सोडायचा नाही.

पुराचं पाणी ओसरल्यानंतरचे आठवडे लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचे. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कोल्हापूर शहरात कुठवर आलं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. उंदरांच्या मुतातला हा जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात राहतो, पायाच्या जखमेतून किंवा पाणी पिताना आत जातो. ताप, उलट्या, कावीळ, लघवी कमी होणं अशी लक्षणं दिसतात. हा आजार माणसालाही होतो. म्हणून अशा कुत्र्याची लघवी रबरी हातमोजे घालून साफ करा आणि लहान मुलांना लांब ठेवा. याची लस आहे, ती दरवर्षी घ्यावी लागते.

दीड महिना ते सहा महिन्यांचं, लस न झालेलं पिल्लू अचानक खायचं थांबलं, उलट्या आणि घाण वासाचे रक्ताळ जुलाब सुरू झाले, तर पार्व्हो या विषाणूचा आजार असण्याची शक्यता मोठी. सलाईन आणि देखरेख वेळेत मिळाली तर बरीच पिल्लं वाचतात. घरी ठेवून वाचणारी थोडी. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं करून फरशी पुसा. मातीत हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळं त्या अंगणात दुसरं बिनलशीचं पिल्लू आणू नका.

नसबंदी न झालेली मोठी कुत्री माजावर येऊन गेल्यावर एक-दोन महिन्यांत खायची थांबली आणि पाणी मात्र खूप प्यायला लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. खालून स्राव दिसेलच असं नाही. याला बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच लागते. म्हातारं कुत्रं बारीक होत चाललंय, पाणी आणि लघवी दोन्ही वाढलंय, तर मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या.

आधी पाणी

पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ७५० ते ९०० मिली पाणी लागतं, म्हणजे किलोमागे ५० ते ६० मिली. उलट्या-जुलाबात त्याहून जास्त. भांडं भरताना मापून भरा, संध्याकाळी किती उरलं ते बघा.

उलट्या होत असतील तर भांडंभर पाणी एकदम पुढं ठेवू नका, ते घटाघट पितं आणि तसंच बाहेर काढतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार चमचे, किंवा चाटायला बर्फाचा खडा. मोठ्या कुत्र्याला उलटी झाल्यावर सहा ते बारा तास अन्न थांबवलं तरी चालतं. पिल्लाला असं उपाशी ठेवायचं नाही. त्याची साखर उतरते, ते लटपटतं, निपचित पडतं. अशा वेळी बोटानं गूळपाणी किंवा मध हिरडीला चोळा आणि दवाखान्याकडं निघा. बेशुद्ध जनावराच्या तोंडात काहीही ओतायचं नाही.

मग खाणं

इथं कोल्हापूरच्या स्वयंपाकघराबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. आजारी माणसाला आपण अळणी देतो, तसं कुत्र्यालाही द्यावं असं मनापासून वाटतं. पण आपल्या अळणीत मटण आलं-लसूण आणि कांद्यात शिजवलेलं असतं. कांदा आणि लसूण, कच्चे असोत, शिजलेले असोत की कांदा-लसूण चटणीतले, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. गोचीड तापानं आधीच रक्त उतरलेल्या कुत्र्याला तर ते मुळीच नको. तांबडा रस्सा नको, पांढरा रस्सा नको, अख्खा मसूर नको. फोडणीच्या आधी, कांदा-लसूण पडण्याच्या आधी, त्याच्या वाटणीचे तुकडे वेगळ्या पातेल्यात काढा. नुसत्या पाण्यात, मीठही न घालता शिजवा. हाडं आणि वर आलेली चरबी काढून टाका. याचं पाणी चालतं, आणि वासानं भूक चाळवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दुधावर आपण वाढलो म्हणून ते कुत्र्यालाही सोसेल असं नाही. मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, पोट बिघडलं असताना दूध दिलं की जुलाब वाढतात. दही-भात त्या मानानं सोसतो. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेला साखरविरहित खाऊ पूर्ण बंद.

माझा पहिला पर्याय बिनकातडीचं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन आणि मऊ भात. शाकाहारी घरात दही-भात, उकडलेला लाल भोपळा, अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं. किती द्यायचं त्याचा हिशेब सोपा आहे. वजन किलोत घ्या, ३० नं गुणा, त्यात ७० मिळवा. पूर्ण विश्रांतीत असलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण तेवढे कॅलरी लागतात. पंधरा किलोला ५२०. म्हणजे शिजलेला भात पाव किलो आणि शिजलेलं चिकन १२० ग्रॅमच्या आसपास, तेही सहा-सात वेळांत वाटून. हे खाणं तीन-चार दिवसांपुरतं. महिनाभर यावर ठेवलं तर बाकीचे घटक मिळत नाहीत.

अन्न कोमट द्या, मनगटावर ठेवलं तर गरम लागू नये इतपत. फ्रिजमधलं गार अन्न वास सोडत नाही आणि आजारी कुत्रं वासावरच खातं. नाक चोंदलेलं असेल तर आधी ओल्या कापडानं पुसा. वाडग्याऐवजी पसरट ताटली घ्या, पहिला घास हातावर द्या. खाल्लं नाही तर दहा मिनिटांनी ताटली उचला आणि दोन तासांनी ताजं ठेवा. पुढ्यात दिवसभर पडून राहिलेलं अन्न मळमळ वाढवतं. घरातल्या सगळ्यांनी भोवती कोंडाळं करून "खा की रे बाळा" म्हणत बसलं तरी कुत्रं बिचकतं. एकानंच बसावं, शांतपणे.

गोळी जेवणात लपवू नका. मेट्रोनिडॅझोलसारखी कडू गोळी एकदा दाताखाली आली की ते अन्न त्याला परत नको होतं. गोळी वेगळी द्या. गोचीड तापावरचं डॉक्सीसायक्लिन रिकाम्या पोटी मळमळ आणतं आणि कोरडं घशात अडकलं तर अन्ननलिकेला जखम करतं. म्हणून दोन घास खाल्ल्यावर द्या आणि वर थोडं पाणी पाजा.

सिरिंजनं भरवायचं असेल तर

डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच. उलट्या चालू असताना, गुंगीत असताना, धाप लागलेली असताना नाही. सुई काढलेली ५ किंवा १० मिलीची सिरिंज घ्या. अन्न मिक्सरला लावून गाळून घ्या. कुत्र्याला बसवा, डोकं सरळ ठेवा. मान वर करून ओतलं तर अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. सुळ्यामागच्या फटीतून, गालाच्या बाजूनं, एक मिली आत सोडा. गिळलेलं दिसू द्या. मगच पुढचा. खोकला आला की थांबा. कुत्रं तोंड फिरवून धडपडायला लागलं तर त्या वेळेपुरतं पुरे. जबरदस्ती केली की अन्न म्हणजे त्रास हे त्याच्या डोक्यात बसतं आणि बरं झाल्यावरही ते वाडगा बघून लांब पळतं.

डॉक्टरांना काय सांगायचं

शेवटचं कधी आणि काय खाल्लं, पाणी किती, उलटी-शी-लघवी कधी आणि कशी, तापाचे आकडे वेळेसह, लसीकरण आणि जंतनाशक केव्हा, गोचीड दिसले का, घरात कुणाच्या गोळ्या सांडल्या होत्या का. कागदावर लिहून न्या. उलटीचा, शीचा फोटो दाखवायला लाजू नका.

रक्ताची पूर्ण तपासणी, प्लेटलेट्स, यकृत-मूत्रपिंड, गरजेप्रमाणे सोनोग्राफी, एवढं बहुतेक वेळा लागतं. एक प्रश्न नक्की विचारा, "मळमळ थांबवायचं काही देताय का?" पोट ढवळत असताना भूक वाढवायचं औषध देऊन उपयोग नसतो. मळमळ थांबली की कित्येक कुत्री त्याच संध्याकाळी स्वतःहून खातात. घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक मनानं देऊ नका. माणसांच्या या गोळ्यांनी कुत्र्याचं यकृत, पोट, मूत्रपिंड बिघडतं.

रस्त्यावरचं कुत्रं असेल तर

गल्लीतलं कुत्रं खात नाही, लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, घशात हाड अडकल्यासारखं करतंय, आवाज बदललाय. तोंडात हात घालून हाड काढायला जाऊ नका. रेबीजमध्ये अगदी असंच दिसतं आणि लक्षणं सुरू झाल्यावर त्याला उपचार नाही. लांबूनच लक्ष ठेवा, पोरांना हटवा, महापालिकेला आणि पशुवैद्याला कळवा. चावलं, ओरखडलं किंवा लाळ जखमेला लागली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी कोल्हापुरातलं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. हळद, चुना, तेल काही लावू नका.

फार दिवस उपाशी राहून हाडाचा सापळा झालेलं कुत्रं सापडलं तर पोटभर घालायचा मोह आवरा. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की रक्तातले क्षार बिघडून जीव जाऊ शकतो. पहिल्या दिवशी वरच्या कॅलरीच्या हिशेबाचा पाव हिस्सा, दुसऱ्या दिवशी निम्मा, असं चार-पाच दिवसांत पूर्णावर आणा, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली.

खायला लागल्यावर

पहिले दोन दिवस मऊ खाणंच. मग रोजच्या खाद्याचा चौथा हिस्सा मिसळा आणि शी बघत बघत चार-पाच दिवसांत नेहमीवर या. आठवड्यातून एकदा वजन करा. तुम्ही काट्यावर एकटे उभे राहा, मग त्याला उचलून उभे राहा, वजाबाकी करा. मुधोळ, कारवान जातीच्या कुत्र्याच्या शेवटच्या एक-दोन बरगड्या एरवीही दिसतात. पाठीचा कणा आणि कमरेची हाडं वर आली असतील तर मात्र ते अजून भरलेलं नाही. गोचीड ताप होऊन गेलेल्याची प्लेटलेट्सची तपासणी औषध संपल्यावर एकदा परत करून घ्या. अंगावरचे गोचीड काढले तरी त्यांची अंडी भिंतीच्या फटीत, पायपुसण्याखाली, कुत्रं झोपतं त्या पोत्यात असतात. ते पोतं जाळून टाका, फटी बुजवा, आणि गोचिडाचं औषध डॉक्टर सांगतील त्या तारखांना पुढचे काही महिने चालू ठेवा.